चौदा हजारांचा आग्रह

लिनिया हापालाला एक बेरीज करायची होती. एकच. साडेतीनला शाळेतून यायचं, चारपर्यंत बेरीज आटपायची आणि फ्रिजवर चिकटवून मोकळं व्हायचं, इतका साधा बेत. पुढे त्या बेरजेने अकरा दिवस खाल्ले, जेवणाचं टेबल गिळलं, अख्ख्या चर्चला कामाला लावलं आणि हापाला घराण्याची अब्रू अडीच तासांवरच्या मिनीॲपोलिसला नेऊन टांगली. यात बेरजेचा काही दोष नव्हता. बेरीज बरोबर होती. घोटाळा माणसांत होता.

एप्रिलच्या एकाच आठवड्यात दोन पत्रं आली आणि दोन्ही नर्सिंग कॉलेजांनी लिनियाला घेतल्याचं कळवलं. पहिलं सेंट ॲग्नेटा, मिनीॲपोलिसचं. चार वर्षांची पदवी, लाल विटांच्या इमारती, भिंतींवर वेली आणि एक प्लॅस्टिकचा रुग्ण. हा रुग्ण डोळे मिचकावायचा, खोकायचा आणि सुई चुकीच्या जागी टोचली की कण्हायचा. ऑक्टोबरात कॉलेज बघायला गेली असताना लिनियाने त्याची नाडी पाहिली आणि तिथल्या तिथे स्वतःचं आयुष्य ठरवून टाकलं.

दुसरं कॉलेज लेकहेड. डलूथमधलंच, घरापासून बारा मिनिटांवर, टायरच्या दुकानाला लागून. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. प्लॅस्टिकचा रुग्ण तिथेही होता, पण त्याला एकच हात होता आणि कशीही टोचा, तो हूं की चूं करत नसे.

सगळ्या सवलती वजा जाता ॲग्नेटाला चार वर्षांचं शहाण्णव हजार डॉलर कर्ज होणार होतं. लेकहेडला तेरा हजार. दोन्हीकडून बाहेर पडल्यावर परीक्षा एकच, नर्सचा परवानाही एकच.

"मग यात बेरीज कसली करायचीय?" आईने विचारलं. आईचं नाव जोॲन, ती चर्चच्या कचेरीत काम करायची आणि तिला सगळे प्रश्न एका वाक्यात सुटलेले आवडायचे.

"आई, नुसतं कर्ज बघून चालत नाही. पुढची कमाईही बघावी लागते. मी शास्त्रीय पद्धतीने ठरवणार आहे."

शास्त्रीय पद्धतीने म्हणजे ॲग्नेटा जिंकेपर्यंत, हे मात्र तिने सांगितलं नाही.

कारण डलूथमध्ये अठरा वर्षं काढली की माणसाला दोनच गोष्टी येतात. बर्फ उपसणं आणि बर्फाबद्दल बोलणं. लिनियाला तिसरी काहीतरी शिकायची होती, आणि ती दुसरीकडे कुठेतरी मिळते अशी तिची पक्की खात्री होती. हल्ली तर तिला एका जागी बसवतच नसे. जेवताना गुडघा हलायचा, वर्गात पेन वाजायचं, रस्त्याने जाणारी कुठलीही बस दिसली तरी ती कुठे चाललीय हे बघायला मान वळायची. शिवाय एक मेला अनामत भरायची शेवटची तारीख होती, आणि त्या दिवशी शाळेत सगळे आपापल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून येतात. लिनियाने ॲग्नेटाचा स्वेटशर्ट फेब्रुवारीतच घेतला होता. चौसष्ट डॉलरला. आणि फेब्रुवारीतच घालून मिरवलाही होता. आता माघार म्हणजे चारशे पोरांसमोर माघार.

"कागद हवाय का?" बाबाने विचारलं. बाबा म्हणजे कर्ट हापाला, शहरातल्या बर्फ काढणाऱ्या गाड्यांचा मुकादम. कुठल्या रस्त्याला किती मीठ लागतं हे त्याला तोंडपाठ होतं, त्यामुळे आकडेमोड म्हणजे आपलंच खातं असा त्याचा समज. हरणाचं मटण गुंडाळायला तो जो पांढरा कागद वापरायचा, त्याचं अख्खं भेंडोळं त्याने तळघरातून आणलं आणि टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलं.

"बाबा, मला एक पान हवं होतं."

"करायचं तर नीट करायचं. डावीकडे कर्ज, उजवीकडे कमाई. बूट घेतलेस का धरून? गाडी लावायचे पैसे? पिझ्झा?"

"पिझ्झा कशाला?"

"कॉलेजातली मुलं पिझ्झा खातात. मी ऐकलंय."

तिसऱ्या दिवशी कागदावर एकतीस ओळी झाल्या होत्या आणि हापाला कुटुंब उभ्याने जेवत होतं. चौथ्या दिवशी आईने विसरून ओव्हनमधून काढलेलं हॉटडिशचं, म्हणजे खिमा-बटाट्याच्या जेवणाचं, गरमागरम भांडं कर्जाच्या रकान्यावर ठेवलं. उचललं तेव्हा त्याच्या बुडाला सात हजार डॉलर चिकटून निघाले. लिनियाने ते मनापासून जाऊ दिले.

पण आईने रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला एका बाईला, एकाच बाईला, अगदी कानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत लोक वाटेत थांबून लिनियाकडे असं बघायला लागले, जणू तिचं मोठं ऑपरेशन ठरलंय.

शेजारचा गॉर्डी लुंडीन कुंपणापाशी आला. त्याचं बर्फ उडवायचं यंत्र एप्रिलातही बाहेरच होतं, कारण आत ठेवलं की बर्फ पडतो हे त्याने अनुभवाने सिद्ध केलेलं.

"मी काही सल्ला द्यायला आलो नाहीये हं," तो म्हणाला, आणि चाळीस मिनिटं बोलला. सार एवढंच की त्याच्या मेव्हण्याच्या मुलीने कर्ज काढून अशीच मोठ्या कॉलेजातून पदवी घेतली, चांगली नोकरीही लागली, आणि आता ती आईबापाच्या तळघरात राहते. "मेव्हण्याने तिथे भिंतीवर शिकारीतल्या हरणाचं डोकं लावायचं ठरवलं होतं. बारा वर्षं थांबलाय बिचारा."

मग समोरच्या घरातल्या मिसेस ओडेगार्ड आल्या. व्हर्ना ओडेगार्ड, चौतीस वर्षं नर्स, आता निवृत्त. निवृत्त फक्त कागदोपत्री. कुणाशीही हस्तांदोलन करताना त्यांचं बोट आपोआप नाडीवर जायचं.

"पोरी, चौतीस वर्षांत मला एकाही पेशंटने विचारलं नाही की बाई, तुमचं कॉलेज कोणतं. सगळे एकच विचारायचे. बेडपॅनचं भांडं कधी आणताय?"

"मिसेस ओडेगार्ड, काळ बदललाय आता."

"भांडं बदललेलं नाही."

लिनियाचा अपमान झाला. आपण नवीन युगाच्या परिचारिका होणार, प्लॅस्टिकचे रुग्ण आपल्या हाताखाली कण्हणार, आणि ह्यांचं काय तर भांडं! तिने ठरवलं की आता ऐकीव गोष्टी बंद. थेट उगमापाशी जायचं. तिने ॲग्नेटाला फोन लावला.

"तुमच्याकडून पदवी घेतल्यावर पगार किती मिळतो?"

"आमचे विद्यार्थी अतिशय समृद्ध आयुष्य जगतात," पलीकडचा तरुण आनंदाने म्हणाला.

"किती समृद्ध? तासाला?"

त्याने फोनवर थांबायला लावलं, मध्ये थोडा वेळ व्हायोलिन वाजलं. "सरासरी वर्षाला चौऱ्याऐंशी हजार."

"कोणाची सरासरी?"

"ज्यांनी आमच्या पत्राला उत्तर पाठवलं, त्यांची."

"किती जणांनी पाठवलं?"

"अकरा."

"किती जणांपैकी?"

त्यावर त्याने कॉलेजचं चित्र असलेली पाण्याची बाटली मोफत पाठवू का, असं विचारलं.

मग तिने डलूथच्याच एका हॉस्पिटलात फोन केला. नोकरभरतीच्या बाई काहीतरी कुरकुरीत खात होत्या.

"नव्या नर्सला तासाला अडतीस डॉलर. चार वर्षांची पदवी असेल तर एक जास्त."

"एक हजार?"

"एक डॉलर, बेटा. आणि दोन वर्षंवाल्यांना आम्हीच पुढे पदवीला पाठवतो. नोकरी करता करता, फी आमची. मग तो डॉलर त्यांनाही मिळतो. रात्रपाळीला मात्र चार डॉलर जास्त."

"म्हणजे चार वर्षं शिकण्यापेक्षा रात्रभर जागं राहणं चौपट किफायतशीर?"

"हुशार आहेस गं! अर्ज टाक."

त्या संध्याकाळी टेबलाभोवती सगळे उभे होते. बसायला जागा नव्हतीच. शहाण्णव वजा तेरा, त्र्याऐंशी हजारांचा फरक, आणि तो भरून काढायला तासाला एक डॉलर. बाबाने आठवड्याचे चाळीस तास गुणिले बावन्न केले.

"सुट्टी नाही धरायची?" आई म्हणाली.

"हापाला सुट्टी घेत नाहीत." त्याने बटण दाबलं आणि चष्मा कपाळावर सारला. "चाळीस वर्षं."

"चाळीस दिवस म्हणायचंय का तुला?" लिनियाने विचारलं.

"वर्षं. बावीसची असताना नोकरीला लागलीस, तर बासष्टाव्या वर्षी लेकहेडवाल्यांच्या बरोबरीला येशील. व्याज अजून धरलेलं नाही."

"नको धरूस, बाबा!"

"आणि लेकहेडवाले दोन वर्षं आधी कमवायला लागणार, ते?" हा गॉर्डी. तो मीठ मागायला आला होता आणि मिळाल्यानंतरही गेला नव्हता.

लिनियाने टेबलाला एक फेरी मारली. मग उलटी एक मारली. आकडे दोन्ही बाजूंनी तेच दिसत होते. तिच्या छातीत त्या प्लॅस्टिकच्या रुग्णासारखं काहीतरी कण्हलं. एक मे आठ दिवसांवर आला होता, आणि तोवर ॲग्नेटाने काही हजार खाली उतरवले नाहीत तर सगळं संपलं. मग बारा मिनिटांवरचं कॉलेज, टायरचं दुकान, तीच खोली, तीच खिडकी, खिडकीतून तोच गॉर्डी.

वाट मिसेस ओडेगार्डनीच दाखवली. "मागा की जास्त! कॉलेज म्हणजे कोणी गॅरेजसमोर जुनं सामान विकायला मांडतं ना, तसं. चिठ्ठीवरची किंमत देतं का कोणी?"

मागा! बाबाचा चेहरा पडला. हापाला मागत नाहीत. हापालांचे पणजोबा तळ्यावरचा बर्फ फुटून कमरेपर्यंत पाण्यात गेले होते, तेव्हाही काठावरच्यांना "तुमचं चालू द्या" म्हणाले होते. पण पत्र पालकांच्या सहीचंच हवं होतं. बाबा दोन तास तळघरात बसला आणि हे घेऊन वर आला:

"आमचं बरं चाललं आहे. तुमचंही बरं चाललं असेल. आमच्यापेक्षा अडचणीत असलेली माणसं पुष्कळ आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. तरी तुमच्याकडे काही पडून असेल आणि ते कोणालाच नको असेल, तर कळवावे. न कळवल्यास राग नाही."

"बाबा! हे पैसे मागायचं पत्र आहे की वाढदिवसाचं?"

लिनियाने ते नव्याने लिहिलं. आईची अर्धवेळ नोकरी, गेल्या वर्षी बदललेलं छप्पर, तिचे गुण, सगळं ठणठणीत मांडलं. बाबाने सही केली. पाकीट बंद करण्याआधी त्याने खाली पेनने बारीक अक्षरात "राग नाही" एवढं घुसडलं, ते लिनियाला फार उशिरा कळलं.

आणि नवल म्हणजे, पत्र लागू पडलं. सत्तावीस तारखेला दुपारी फोन आला. लिनिया शाळेत, आई चर्चमध्ये, फोन घेतला बाबाने. ॲग्नेटाच्या मदत-विभागातल्या मिस पेट्रोचेली बोलत होत्या. या बाई गेल्याच महिन्यात न्यू जर्सीहून बदलून आलेल्या. त्यांनी एका श्वासात सांगितलं की नर्सिंगची एक शिष्यवृत्ती उरली आहे, वर्षाला चौदा हजार, चारही वर्षं, ती तुमच्या मुलीला देतोय.

आता, पहिल्या विचारण्याला "हो" म्हणणारा माणूस डलूथमध्येच काय, आमच्या अख्ख्या राज्यात अजून जन्मायचाय. कॉफी घेणार? नको. अर्धा कप? नको, उगाच कशाला त्रास. अहो, केलेलीच आहे! बरं मग, अर्धा कप. आणि मग चार कप. पहिल्यांदाच हो म्हणणारा आपल्याकडे हावरट गणला जातो, आणि दोनदाच विचारून थांबणारा कंजूष. ही गोष्ट कोणी कोणाला शिकवत नाही. ती दुधातून येते.

"छे छे," बाबा फोनवर म्हणाला. "इतके कशाला? फारच होतात."

"नको आहेत का तुम्हाला?"

"नको, नको. आमच्यापेक्षा गरजू कोणीतरी असेलच की." आणि तो तिसऱ्या आग्रहाची वाट बघत, तोंडावर "बरं मग" तयार ठेवून उभा राहिला.

"किती थोर आहात हो तुम्ही! पुढच्या विद्यार्थ्याला देते मग," मिस पेट्रोचेली म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

लिनिया घरी आली तेव्हा बाबा फोन हातात धरून तसाच उभा होता.

"करेल ती परत," तो म्हणाला. "दोनदाच विचारलंय अजून."

सगळं ऐकल्यावर लिनिया जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने फोन लावला. तिकडे सांगितलं गेलं की नाकारलेली शिष्यवृत्ती फोनवर परत घेता येत नाही, पालकांनी स्वतः येऊन लेखी द्यावं लागेल, आणि तेही ती दुसऱ्या कोणी सही करून घेण्याआधी. त्यानंतर लिनियाने बाबाशी दोन दिवस अबोला धरला. अबोला धरणं तिला किती जड जातं हे माहीत असलेल्यांनी त्या शिक्षेची तीव्रता ओळखावी.

एकोणतीसला बाबाने अर्धी रजा काढली. बाराला ट्रक निघायचा होता. पण निघताना निरोप घ्यायला हवा. निरोप आधी स्वयंपाकघरात झाला, मग दारात, मग पायरीवर, मग मिसेस ओडेगार्ड लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या म्हणून पुन्हा पायरीवर, आणि शेवटी ट्रकच्या काचेतून, गॉर्डीने महामार्गावरच्या दुरुस्तीची सविस्तर माहिती देईपर्यंत. लिनिया आत बसून डॅशबोर्डवर बोटं वाजवत होती. दीडला ट्रक हलला.

चार वाजून पाच मिनिटांनी ते ॲग्नेटाच्या दारात पोचले. कचेरी साडेचारला बंद. लिनिया पळत आत गेली, मागे वळून बघते तर बाबा नाही. बाबा दार धरून उभा. मागून कोणी येत होतं म्हणून त्याने धरलं, त्याच्यामागून आणखी कोणी आलं, मग सोडायचं कसं? अकरा जण आत गेले, त्यांतला एक माणसाएवढं वाद्य घेऊन तिरका तिरका. आणि मग त्या सगळ्यांच्या मागचा नंबर घेऊन बाबा समाधानाने खुर्चीत बसला.

लिनिया बसली नाही. ती घड्याळाखाली येरझाऱ्या घालत होती. जवळच एक मुलगी बसली होती, जांभळा हिजाब, मांडीवर कागदांची फाईल, आणि तीही पाय हलवत होती. दोन अस्वस्थ माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

"तुझंही काही अडलंय का?" लिनियाने विचारलं.

"अडलं होतं. सुटलं!" मुलीचं नाव इफ्राह वारसमे, राहायला इथेच, दहा मिनिटांवर. "आज सकाळी फोन आला. कोणा माणसाने म्हणे स्वतःच्या मुलीची शिष्यवृत्ती परत केली! म्हणाला, जास्त गरजू कोणाला तरी द्या. अशी माणसं आहेत अजून, विश्वास बसतो तुझा? माझी आई सकाळपासून त्याच्यासाठी दुवा मागतेय."

बाबा जमिनीवरच्या फरशा मोजू लागला.

"चांगला माणूस असणार," लिनिया दातावर दात ठेवून म्हणाली.

"संत गं, संत! पण त्या मुलीला काय वाटलं असेल?"

"ती त्याच्याशी दोन दिवस बोलत नाहीये."

इफ्राहने लिनियाकडे पाहिलं. मग फरशा मोजणाऱ्या बाबाकडे. मग तिच्या हातातली फाईल हळूच मिटली.

तेवढ्यात खिडकीमागून आवाज आला. "हापाला? तुम्हीच ते? अहो, तुम्ही नको म्हणालात ना!"

"दोनदाच," बाबा उठून टोपी काढत म्हणाला.

"दोनदा म्हणजे नकोच झालं की!"

"तिसऱ्यांदा विचारलं असतंत तर…"

"तिसऱ्यांदा? तुम्ही पैसे नको म्हणताय आणि मी काय तुमच्या पाया पडू?" मिस पेट्रोचेलींनी लिनिया आणि इफ्राहकडे आळीपाळीने बघितलं आणि त्यांना परिस्थिती समजली. त्यांनी घड्याळ पाहिलं. एक फॉर्म काढून खिडकीत ठेवला, त्यावर साखळीला बांधलेलं पेन. "हे बघा. इफ्राहची सही अजून झालेली नाही. साडेचारपर्यंत पहिला हक्क लिनिया हापालाचा. कायद्याने. वडिलांचं लेखी मी मागून घेते. सही करायची असेल तर कर."

चार एकोणीस झाले होते. लिनियाचा हात पेनापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"कर ना," इफ्राह म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, पण फाईल तिने छातीशी धरली होती. "तुझीच होती ती."

"नको गं. त्यांनी तुला सांगितलंय आता."

"नको, तू घे. इतक्या लांबून आलात तुम्ही."

"छे! आम्हाला तसंही इकडे यायचंच होतं."

इफ्राह मिनीॲपोलिसलाच जन्मलेली, वाढलेली, म्हणजे याच राज्याचं दूध प्यायलेली. ती काय मागे हटणार? बाबा लिनियाच्या कानाशी वाकला आणि घराण्याचा अभिमान आवाजात आणून कुजबुजला, "दोन-दोन झाले."

"अहो, या राज्यात चौदा हजार डॉलर कोणी घेणार आहे का?" मिस पेट्रोचेली ओरडल्या. "माझी बस चुकेल!"

"थांबा," इफ्राह म्हणाली. "नीट हिशेब करू. तुझं दुसरं कॉलेज कितीला पडतं?"

लिनियाला ते आकडे झोपेतही आले असते. ती सांगत गेली, इफ्राह फोनवर बोटं चालवत गेली. स्वतःचेही आकडे तिने धडाधड सांगितले. घर जवळ, म्हणून राहण्याजेवण्याचा खर्च नाही. शिष्यवृत्ती धरून चार वर्षांचं कर्ज अठरा हजार. पुढे सुईणीचं शिक्षण घ्यायचंय, त्याला चार वर्षांची पदवी लागतेच. "आणि इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नुसत्या जागेसाठी दोन वर्षं थांबावं लागतं. आता तुझं. शिष्यवृत्ती मिळूनही तुला चाळीस हजार. तिकडे तेरा. फरक सत्तावीस. तासाला एक डॉलर म्हणजे…" तिने मान वर केली. "तेरा वर्षं. मग तू येतेस कशाला इथे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. एकतीस ओळींत त्याला ओळ नव्हती.

"मला डलूथमधून बाहेर पडायचंय," लिनिया म्हणाली. म्हणून गेल्यावर तिला दिसलं की बाबाने ऐकलंय. तो हातात टोपी फिरवत होता, ती टोपी थांबली.

"सत्तावीस हजार देऊन?" इफ्राहचे डोळे विस्फारले. "अगं, बसने ये! चाळीस डॉलर. जाऊन-येऊन!"

लिनियाला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम, आणि मिस पेट्रोचेलींनी खिडकीतून कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. ॲग्नेटाच्या विटा, वेली, तो कण्हणारा प्लॅस्टिकचा माणूस, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. छान होतं ते. अजूनही हवंसं वाटत होतं. आणि तरी, तेरा वर्षं.

"शेवटचं विचारते," इफ्राह हळू म्हणाली. "घेतेस?"

बाबाने श्वास रोखला. तिसरी वेळ! आता "बरं मग" म्हणायचं असतं. जगाची रीतच आहे.

"नको," लिनिया म्हणाली.

हापाला घराण्यात तिसऱ्यांदा नको पहिल्यांदाच म्हटलं गेलं होतं. चौथ्यांदा विचारायच्या फंदात इफ्राह पडली नाही. तिने पेन उचललं आणि साखळी ताणून ताणून सही केली.

बाहेर ट्रकपाशी बाबाने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "बाहेर म्हणजे… आमच्यापासून?"

"डलूथपासून, बाबा." लिनियाने बुटाने खडा उडवला. "थोडं तुमच्यापासूनपण."

"हं."

"लेकहेडलाच जाईन. उद्या अनामत भरू. पण ऑगस्टमध्ये मी खोली घेणार आहे. पुलापलीकडे, सुपीरियरला."

"ते विस्कॉन्सिन आहे."

"म्हणूनच. राज्य तरी वेगळं! आणि भाडं माझं मी देईन. वृद्धाश्रमात मदतनीस घेतायत, मी चौकशी केलीय."

बाबाने तो सगळा पूल मनात पार करून पाहिला असावा, वाऱ्यासकट, जानेवारीसकट. "हिवाळ्यात रोज पूल ओलांडायचा म्हणजे…" तो घुटमळला. आणि मग, घरी आलेल्याला कॉफी विचारतात ना, अगदी त्याच सुरात म्हणाला, "माझा ट्रक घेऊन जात जा हवं तर."

"हो," लिनिया म्हणाली. "घेते."

बाबाचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्याकडे अजून दोन आग्रह शिल्लक होते, त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना.

"चावी?" लिनियाने हात पुढे केला.

बाबाने खिशात हात घातला. खिसा विहिरीसारखा खोल असावा, इतका वेळ चाचपलं. मग त्याने चावी तिच्या तळहातावर ठेवली, ट्रकला वळसा घातला आणि उजवीकडच्या, ड्रायव्हरशेजारच्या जागेच्या दाराशी जाऊन उभा राहिला, ते कसं उघडतात हे आठवत.